कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचा धोका आधी कसा मोजतात?



घरात कॅन्सरचे निदान झाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, की सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच येतो : "ऑपरेशन केले तर माणूस वाचेल ना?" पूर्वी डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर आपल्या अनुभवावरून देत. "प्रकृती नाजूक आहे, पण प्रयत्न करू," असे काहीसे ते उत्तर असे. आता मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टर कधी कधी आकडा सांगतात. "यांच्या बाबतीत जिवाला धोका शंभरात पाच आहे," असे म्हणतात. तो आकडा ऐकून कुणी घाबरून रुग्णाला तसाच घरी घेऊन येतो. कुणी म्हणतो, "पाचच ना? मग काही होत नाही." आणि निष्काळजी राहतो. दोघांचेही चुकते. हा आकडा कुठून येतो, तो कितपत खरा मानायचा आणि तो कळल्यावर आपण काय करायचे, हे आज आपण समजून घेऊ.

नाशिककरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. पावसाळ्यात नदी चढू लागली, की सारे गाव विचारते, "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले?" गुडघ्यापर्यंत आले म्हटले तर लोक बघायला जातात. कमरेला लागले म्हटले, की काठावरचे दुकानदार सावध होतात. छातीच्या वर गेले, की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली मंडळी माल हलवू लागतात. आता यात काय काय आले, बघा. एक म्हणजे मोजमाप आले : पाणी कुठवर चढले ते. दुसरी आली मागची आठवण : पूर्वी पाणी इतके चढले तेव्हा पुढे काय झाले होते ती. तिसरे आले काम : माल हलवणे. मारुतीच्या छातीला पाणी लागले म्हणजे दुकान बुडालेच, असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही. हात बांधून कुणी बसतही नाही. इशारा मिळाला म्हणून लोक उठतात, आणि उठतात म्हणूनच माल वाचतो.

शस्त्रक्रियेच्या धोक्याचा आकडासुद्धा असाच आहे. मोजमाप रुग्णाच्या शरीराचे, आठवण पूर्वीच्या हजारो रुग्णांची, आणि काम डॉक्टरांचे व आपले.

आता ही आठवण कशी साठवतात ते पाहू. एका माणसाला दहा-वीस रुग्ण आठवतात. त्यातही जे फार वाईट गेले किंवा फार चांगले झाले तेच लक्षात राहतात. म्हणून आठवण कागदावर उतरवावी लागते. रुग्णाचे वय किती होते, रक्त किती होते, साखर होती का, गाठ कुठे होती, किती पसरली होती, शस्त्रक्रिया ठरवून केली की घाईने, आणि शेवटी तो माणूस तीस दिवसांनंतर हयात होता का, हे सगळे प्रत्येक रुग्णाबद्दल लिहून ठेवायचे. असे हजारो रुग्ण झाले, की मग मोजणी करता येते. सत्तरीच्या पुढच्यांपैकी किती दगावले आणि पन्नाशीच्या आतल्यांपैकी किती? रक्त कमी असलेल्यांपैकी किती आणि पुरेसे असलेल्यांपैकी किती? शाळेत गुरुजी हजेरीपटावरून जसे काढतात, की वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांपैकी किती नापास झाली, तसाच हा हिशेब आहे.

याचा इतिहास फार जुना नाही. मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या सर्वसाधारण प्रकृतीची प्रतवारी करण्याची एक साधी पद्धत मांडली. निरोगी माणूस पहिल्या वर्गात, किरकोळ आजार असलेला दुसऱ्या वर्गात, आजाराने कामधंद्याला अडथळा आलेला त्याच्या पुढच्या वर्गात, अशी ती पद्धत. सुधारलेल्या रूपात ती आजही जगभर वापरतात. १९४८ साली अमेरिकेतच फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. रक्तदाब, विडी-सिगारेट, रक्तातली चरबी यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हे त्या नोंदींतून उलगडत गेले. अनेक कारणे एकत्र धरून एका माणसाचा धोका कसा काढायचा, याची रीत तिथून रुळली.

१९८७ साली चार्लसन नावाच्या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या जुन्या आजारांना गुण देण्याची पद्धत काढली. पूर्वी हृदयविकाराचा झटका आला असेल तर १ गुण, मूत्रपिंडाचा बऱ्यापैकी आजार असेल तर २, कॅन्सर शरीरात दूरवर पसरला असेल तर ६. बेरीज जितकी मोठी तितका धोका मोठा. १९९१ साली इंग्लंडमध्ये 'पॉसम' नावाची पद्धत निघाली. तीत रुग्णाच्या शरीराच्या १२ आणि शस्त्रक्रियेच्या ६ अशा १८ गोष्टी मोजतात. ती वापरू लागल्यावर लक्षात आले, की ज्यांना फारसा धोका नाही अशा रुग्णांत ही पद्धत प्रत्यक्षापेक्षा जास्त मृत्यू सांगते. म्हणून १९९८ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. पुढे २०१३ साली अमेरिकेत ३९३ रुग्णालयांतल्या १४ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून एक गणनयंत्र तयार झाले. रुग्णाची माहिती भरली, की ते धोक्याचा आकडा सांगते. आता संगणक याहूनही अधिक माहिती चाळतो आणि माणसाच्या नजरेत न येणारे संबंध शोधतो. पण मूळ काम तेच : मागच्यांचे काय झाले ते पाहून पुढच्याचा अंदाज करणे.

संगणक शिकला की पाठ करून बसला, हे कसे ओळखायचे? इथे शिक्षक मंडळींना आपला अनुभव आठवेल. गाईड पाठ केलेला मुलगा गाईडातल्या प्रश्नांची उत्तरे धडाधड देतो, पण प्रश्न थोडा फिरवला की अडतो. म्हणून शास्त्रज्ञ नोंदींचे दोन भाग करतात. एका भागावर संगणकाला शिकवतात. दुसरा भाग झाकून ठेवतात आणि त्यावर त्याची परीक्षा घेतात. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे दुसऱ्याच रुग्णालयातल्या, दुसऱ्याच मुलखातल्या रुग्णांवर. तिथेही तो पास झाला, तरच त्याच्यावर भरवसा ठेवायचा.

बरे, डॉक्टर जे विचारतात आणि तपासतात ते का? प्रत्येकामागे कारण आहे. वय वाढले, की शरीराची राखीव ताकद कमी होते. चालण्याफिरण्यापुरती ती पुरते, पण मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण आला की कमी पडते. "दोन मजले चढलात तर दम लागतो का?" हा प्रश्न साधा वाटतो, पण हृदय आणि फुप्फुसे किती ओझे सोसतील ते त्यातून कळते. रक्त कमी असेल तर अवयवांना प्राणवायू कमी पोचतो. रक्तात अल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन असते. ते फार खाली आले असेल तर आजाराने शरीर झिजले आहे असे समजतात. अशा शरीरात जखम लवकर भरत नाही आणि आतड्याला घातलेला टाका सुटण्याची भीती असते. साखर ताब्यात नसेल तर जखमेत पू होतो. विडी ओढणाऱ्याच्या छातीत कफ साचतो आणि शस्त्रक्रियेनंतर दुखण्यामुळे त्याला खोकता येत नाही, मग न्यूमोनिया होतो. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो घाईचा. आतड्यात गाठ असताना ठरवून, तयारी करून केलेली शस्त्रक्रिया वेगळी, आणि आतडे बंद पडून पोट फुगल्यावर रात्री धावपळ करून केलेली वेगळी. डॉक्टर तेच, हत्यारे तीच, पण धोका कितीतरी वाढतो.

ही कारणे एकेकटी आली तर शरीर निभावून नेते. तीन-चार एकत्र आली, की धोका एकदम उसळी घेतो. नदीचेही असेच आहे ना? एकट्या पावसाने चढ येतो, पण वर धरणातून पाणी सोडले आणि खाली ओढेनालेही भरून आले, की काठ सुटतो.

आता आकडा कसा वाचायचा ते पाहू. "शंभरात पाच" याचा अर्थ असा, की या रुग्णासारखे वय, अशीच प्रकृती आणि अशीच शस्त्रक्रिया असलेली शंभर माणसे घेतली, तर त्यांतली सुमारे पाच पहिल्या तीस दिवसांत दगावतात आणि पंच्याण्णव त्यातून पार पडतात. तुमचा माणूस त्या पाचांत आहे की पंच्याण्णवांत, हे कुठलेही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून हा आकडा म्हणजे कपाळावरची रेघ समजू नये. तसेच तो एकटा घेऊन निर्णयही करू नये. "शस्त्रक्रिया केली तर धोका किती?" याच्या जोडीला "नाही केली तर काय होईल?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. शस्त्रक्रियेचा धोका शंभरात पाच आणि न करता राहिल्यास आजार वर्षभरात हाताबाहेर जाणार, असे असेल तर पाचाला भिऊन घरी बसण्यात शहाणपणा नाही. उलट धोका फार मोठा आणि लाभ थोडा असेल, तर दुसरा उपचार, औषधे, किरणोपचार किंवा वेदना कमी करून सुखाने ठेवणे, हेही योग्य ठरू शकते. निर्णय रुग्णाचा असतो. त्याला अंधारात ठेवून भावकीने परस्पर ठरवू नये.

अंदाज चांगला की वाईट, याची एक कसोटी लक्षात ठेवा. वेधशाळा ज्या ज्या दिवशी "पावसाची शक्यता शंभरात तीस" म्हणते, ते सगळे दिवस गोळा केले आणि त्यांतल्या खरोखर तीस टक्के दिवशीच पाऊस पडला, तर अंदाज बरोबर. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाईतदारांना हे सांगायला नको. ढगाळ हवा, पानावर राहिलेला ओलावा, रात्रीचा गारवा यांवरून ते डाऊनीचा अंदाज बांधतात आणि आधीच फवारणी घेतात. रोग आला नाही तर "अंदाज खोटा ठरला" असे कुणी म्हणत नाही. फवारणी घेतली म्हणून बाग वाचली, हेही शक्य असते.

हीच गोष्ट नोंदींना चकवते. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून संगणकाला धोका ओळखायला शिकवले, तेव्हा त्याने एक अजब निष्कर्ष काढला : दमा असलेले रुग्ण न्यूमोनियाने कमी दगावतात! तसे पाहिले तर दमेकऱ्याला धोका जास्तच. मग आकडे उलटे का? कारण दमेकरी आला, की डॉक्टर त्याला तडक अतिदक्षता विभागात नेत, आणि त्या काळजीने तो वाचत असे. संगणकाला काळजी दिसली नाही, फक्त शेवट दिसला. त्याचे ऐकून कुणी दमेकऱ्याला घरी पाठवले असते, तर अनर्थ झाला असता. २०१५ साली संशोधकांनी हे उदाहरण मांडले ते याचसाठी, की यंत्राचा आकडा माणसाने पारखून घ्यावा.

दुसरे उदाहरण २०१९ सालचे, तेही अमेरिकेतलेच. कुणाला जास्त देखभाल लागेल हे ठरवण्यासाठी तिथे एक संगणकी पद्धत वापरत. ती आजाराऐवजी पूर्वी झालेला खर्च मोजत होती. तिथल्या काळ्या लोकांवर आधीच कमी खर्च होत असे, म्हणून तेवढेच आजारी असूनही ते यंत्राला कमी आजारी दिसले. आता हे आपल्याकडे लावून बघा. पेठ-सुरगाण्याकडचा आदिवासी शेतकरी दुखणे अंगावर काढतो. दवाखान्यात गेलाच नाही तर त्याच्या नावावर ना मधुमेहाची नोंद, ना रक्तदाबाची. कागद कोरा म्हणून माणूस निरोगी, असे यंत्र समजेल. कोरा कागद आणि निरोगी शरीर यांतला फरक ज्या डॉक्टरला कळतो, तोच यंत्र नीट वापरू शकतो.

वयाचेच घ्या. धोक्याच्या हिशेबात वयाला मोठे वजन आहे. पण आपल्याकडच्या जुन्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, हे गुरुजींना ठाऊक आहे! शाळेत नाव घालताना तारीख सांगता येईना, म्हणून अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहिली गेली. तीच पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून आधार कार्डावर आणि तिथून रुग्णालयाच्या संगणकात गेली. एखाद्या आजोबांचे खरे वय कागदावरच्या वयापेक्षा पाच-सहा वर्षांनी जास्त असू शकते. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, "कागदावर अडुसष्ट आहे, पण खरे वय पाच-सहा वर्षांनी जास्त असावे." तेवढ्याने हिशेब सुधारतो.

परदेशातले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यासाठीच. आपल्याकडचे रुग्ण, त्यांचे खाणे, तंबाखूची सवय, रुग्णालयात पोचायला होणारा उशीर, सगळेच निराळे. आपला हिशेब आपल्याच नोंदींवर बांधायला हवा. महाराष्ट्राने या कामात मागे राहिलेले नाही. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. आणि खेड्यांसाठीची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते जाऊन लोकांशी बोलत, कुणाला कुठले दुखणे आहे ते पाहत, संशयित रुग्णाला तपासणीला आणत आणि नोंद करत. रुग्णालयात बसून राहिले असते, तर जे कधी रुग्णालयात आलेच नाहीत ते हिशेबात कसे आले असते?

शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचेही तसेच आहे. माणूस आठव्या दिवशी घरी गेला आणि विसाव्या दिवशी गावी वारला, तर रुग्णालयाच्या वहीत तो "बरा होऊन घरी गेला" असाच राहतो. मग पुढच्या रुग्णाला सांगितलेला आकडा खोटा पडतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ग्रामपंचायतीत नोंद करताना मृत्यूचे कारण आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया नीट सांगा, आणि रुग्णालयातून चौकशीचा फोन आला तर खरे ते कळवा. दुःखाच्या वेळी हे जड जाते. पण त्या एका नोंदीने उद्याच्या रुग्णाला खरा सल्ला मिळतो.

आता या सगळ्याचा उपयोग काय, ते ऐका. २००९ साली अमेरिकेत ८४ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत मृत्यू फार आणि ज्यांत फार कमी, अशांची तुलना केली. लोकांना वाटले होते, की वाईट रुग्णालयांत गुंतागुंती जास्त होत असतील. तसे निघाले नाही. गुंतागुंती दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर एकीकडे शंभरात सुमारे २१ दगावत, तर दुसरीकडे १२-१३. फरक होता तो बिघाड लवकर ओळखून धावून जाण्याचा. २०२१ साली ८२ देशांतल्या ४२८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्तन, मोठे आतडे आणि जठर यांच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेले १५,९५८ रुग्ण होते. स्तनाच्या बाबतीत श्रीमंत आणि गरीब देशांत तीस दिवसांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. पण आतडे आणि जठर यांच्या शस्त्रक्रियांत कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मृत्यूची शक्यता सुमारे चौपट निघाली. भारतही त्याच गटात मोडतो. तिथे रुग्ण उशिरा येत होते, आणि मोठी गुंतागुंत झाल्यावर त्यांना वाचवण्याची साधने अपुरी पडत होती.

म्हणजे आकड्याचा खरा उपयोग हा : ज्याचा धोका मोठा, त्याला शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षतेत ठेवावे, परिचारिकेने त्याची नाडी, श्वास, लघवी वारंवार पाहावी, अनुभवी डॉक्टराने हात लावावा. धोका मोठा म्हणून त्याला दारातून परत पाठवण्यासाठी हा आकडा नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण तसा मोह होऊ शकतो. अवघड रुग्ण घेतलेच नाहीत, तर रुग्णालयाचा निकाल चांगला दिसतो! शाळांच्या निकालात आपण हेच पाहतो. शहरातली निवडक मुलांची शाळा आणि पाड्यावरची, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पाटी आली अशा मुलांची शाळा, या दोघींचा निकाल नुसत्या टक्क्यांनी ताडला तर पाड्यावरच्या गुरुजींवर अन्याय होतो. म्हणून रुग्णालयांचा निकाल तपासतानाही आधी धोक्याचा हिशेब धरतात : एवढ्या अवघड रुग्णांत किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्ष किती झाले? असे केले, की अवघड रुग्ण घेणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरला न्याय मिळतो आणि त्या रुग्णालाही दार उघडे राहते.

आता आपण काय करायचे? धोक्याची काही कारणे आपल्या हातची नाहीत. वय कमी करता येत नाही. पण बाकीची पुष्कळ हातची आहेत. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी सोडली, तर गुंतागुंतीचा धोका घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. मात्र "चार आठवडे सोडतो, मग ऑपरेशन करू" म्हणून तारीख परस्पर पुढे ढकलू नका. आजच सोडा आणि तारीख डॉक्टरांना ठरवू द्या. साखर ताब्यात आणा. डाळ, कडधान्ये, अंडी, दूध, शेंगदाणे असे जे घरात आहे आणि डॉक्टरांनी मना केलेले नाही, ते पोटभर खा. आजारी माणसाला नुसत्या पेजेवर ठेवू नका. रोज झेपेल तेवढे चाला. श्वासाचा व्यायाम शिकवला तर तो मनापासून करा. घेत असलेली सगळी औषधे, काढे, वैदूची मुळीसुद्धा डॉक्टरांना सांगा. तंबाखू, दारू लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली गोष्ट भूल देताना जिवावर येते. जुने कागद एका पिशवीत तारखेच्या क्रमाने ठेवा आणि दर खेपेला सोबत न्या.

घरी आल्यावर खरी पहारेदारी सुरू होते. ताप, वाढता श्वास, पोट फुगणे, वारंवार उलटी, जखमेतून पू किंवा घाण वासाचे पाणी, लघवी कमी होणे, एका पायाला सूज आणि दुखणे, माणूस असंबद्ध बोलू लागणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. घाटापलीकडच्या गावाला रात्री गाडी मिळणे कठीण, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून धोका मोठा सांगितला असेल, तर पहिले काही दिवस शहरातल्या नातेवाइकाकडे राहण्याची सोय आधीच करून ठेवा, आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती घरातल्या प्रत्येकाला असू द्या.

शिक्षकांकडे एक विनंती आहे. गावात रुग्णालयाचे कागद वाचणारा माणूस बहुधा तुम्हीच असता. संमतीपत्रावर अंगठा उठण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवा. कुठली माहिती कशासाठी घेतात आणि नाव गुप्त राहील का, हे विचारायला लोकांना शिकवा. माणसाची माहिती ही त्याचीच आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदाही केला आहे. आणि वरच्या वर्गातल्या मुलांना शेकडेवारी शिकवताना एखादे उदाहरण या विषयाचे द्या. "शंभरात पाच" म्हणजे काय हे ज्या मुलाला नीट कळले, तो उद्या आपल्या आजीच्या खाटेशी उभा राहून डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारील.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. धोका कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लवकर जाणे. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, स्तनात गाठ, अंगावरून अवेळी रक्त जाणे, शौचातून रक्त, गिळताना अडकणे, असे काही दिसले तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गाठ लहान असताना शस्त्रक्रियाही लहान होते, शरीरात ताकद असते आणि घाई करावी लागत नाही. नदी मारुतीच्या पायाशी आहे तोवर माल हलवणे सोपे असते. पाणी छातीला लागेपर्यंत थांबायचे कशाला?